ऑफ-रोड गाडी हलकी करताना: वजनकाट्यापासून स्प्रिंगपर्यंत

ऑफ-रोड गाडीला काहीही लावायचं म्हटलं की ती वस्तू एकेकटी हलकीच वाटते. पुढे स्टीलचा बंपर, त्यात विंच (अडकलेली गाडी तारेने ओढून काढायचं यंत्र), टपावर कॅरियर, कॅरियरवर तंबू, डिकीत ड्रॉवर, ड्रॉवरवर फ्रिज, खाली जाड पत्र्याचे गार्ड. यातल्या प्रत्येक वस्तूची बाजू मी झोपेतून उठवलंत तरी मांडेन. पण हे सगळं अंगावर घेतलेली माझी गाडी वाळूत रुतून बसली आणि शेजारून तेच मॉडेल, काहीही न लावलेलं, सरळ निघून गेलं, तेव्हा हातात फावडं घेऊन विचार करायला भरपूर वेळ मिळाला.

कारखान्यातून निघालेली गाडी क्वचितच फाजील जड असते. जड करतो आपण. म्हणून हलकी करायची म्हणजे कार्बन फायबरचं बॉनेट शोधायला निघायचं, असं नाही. आपणच चढवलेलं उतरवायचं, किंवा त्याच कामाची हलकी वस्तू लावायची. आणि किती किलो उतरवले याच्याइतकंच ते कुठून उतरवले हेही बघायचं. टपावरचे वीस किलो आणि दोन चाकांच्या मध्ये, चासीला लागून असलेले वीस किलो यांची किंमत एक नाही.

आधी काट्यावर

अंदाजावर जाऊ नका. अंदाज नेहमी कमीच निघतो. टाकी पूर्ण भरा, प्रवासाला नेता तेवढं सामान भरा आणि ट्रक तोलणाऱ्या वजनकाट्यावर गाडी न्या. तीन वजनं घ्यायची: पूर्ण गाडीचं, फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून, आणि फक्त मागची चाकं ठेवून. काट्याच्या आजूबाजूची जमीन समपातळीत हवी. तसं असेल तर पुढच्या-मागच्या वजनांची बेरीज एकूण वजनाच्या जवळपास येते. फार फरक आला तर पुन्हा तोला. सामानासकट डावी-उजवी बाजू वेगळी तोलता आली तर उत्तम, कारण पाण्याची टाकी आणि जादाची बॅटरी एकाच बाजूला असली की गाडी हळूच कलते आणि आपण स्प्रिंगला दोष देत बसतो.

आता हे आकडे गाडीच्या पाटीशी ताडून बघा. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली ही पाटी असते. तिच्यावर एकूण कमाल वजनाबरोबर बहुधा दोन्ही अ‍ॅक्सलची (म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांची) स्वतंत्र कमाल मर्यादाही दिलेली असते. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा अ‍ॅक्सल मर्यादेबाहेर, असं सर्रास आढळतं. हिशोब किती पटकन संपतो ते बघा. रिकामी गाडी २,१०० किलो, मर्यादा २,८०० किलो, म्हणजे हातात ७००. चार माणसं ३०० किलो. पुढचा बंपर आणि विंच ११०, कॅरियर आणि तंबू १००, ड्रॉवर आणि फ्रिज १००. उरले ९० किलो. त्यात पाणी, हत्यारं, कपडे, जेवण आणि भाच्याची दुर्बीण.

एक इशारा: मोठ्या काट्याचा आकडा पाच, दहा किंवा वीस किलोच्या टप्प्यानं सरकतो. त्यामुळे सुट्या वस्तूंसाठी बॅग तोलायचा हातातला डिजिटल काटा वापरा. या सगळ्या उद्योगातलं सर्वात उपयोगी हत्यार तेच.

ताडपत्रीवरचा संसार

गाडी पूर्ण रिकामी करा. पूर्ण म्हणजे सीटखालची, दारांच्या खणातली, स्टेपनीच्या खाचेतलीसुद्धा. सगळं ताडपत्रीवर मांडा, एकेक वस्तू काट्याला लटकवा आणि वहीत चार रकाने करा: वस्तू, वजन, गाडीत कुठे असते, शेवटची कधी वापरली. चौथा रकाना भरताना खोटं बोलावंसं वाटतं, तेवढं सांभाळा.

माझी हत्यारांची पेटी ३१ किलो भरली. तिच्यात पान्यांचे तीन संच होते, आणि गाडीचे जवळजवळ सगळे बोल्ट १०, १२, १४, १७ आणि १९ मिलिमीटरच्या पान्यांनी उघडणारे. एका डब्यात पावणेतीन किलो नट-बोल्ट होते, त्यातले निम्मे तरी आधी विकलेल्या गाडीचे. पेटी पुन्हा भरली ती कापडी गुंडाळीत, आणि तीही अशी: आधी गाडीवर एक पूर्ण सर्व्हिस त्या गुंडाळीतूनच केली, जे लागलं ते आत, जे लागलं नाही ते कपाटात. आता ती ११ किलोची आहे. वीस किलो गेले आणि एक पैसा लागला नाही.

द्रवांचंही वजन लिहा. पाणी लिटरला एक किलो. डिझेल साधारण ०.८४, पेट्रोल ०.७५ किलो. कारखान्याच्या ८० लिटरच्या टाकीऐवजी १३० लिटरची बसवली असेल तर भरल्यावर नुसतं डिझेलच ४२ किलो जास्त, टाकीचा पत्रा वेगळा. टाकी काढायला सांगत नाही, पण दोन पंपांमधलं अंतर १५० किलोमीटर असेल तर ती अर्धीच भरा.

आणि चिखल. हा कोणाच्याच यादीत नसतो. चासीच्या पोकळ पट्ट्यांत, गार्डच्या वरच्या बाजूला, मागच्या बंपरच्या आत तो साठतो, वाळतो आणि गुपचूप राहतो. एकदा मी तिन्ही गार्ड उतरवून वरचा गाळ बादलीत खरवडला. १९ किलो भरला. शिवाय तो ओल धरून पत्रा सडवतो. वर्षातून एकदा गार्ड खोलून धुणं हे वजन कमी करण्याच्या कामातच धरा.

किलो कुठला आहे ते बघा

इथे थोडं गणित, पण शाळेतल्या सी-सॉचंच. गाडीचे दोन अ‍ॅक्सल २.७ मीटर अंतरावर आहेत असं धरा. पुढच्या अ‍ॅक्सलच्या ०.९ मीटर पुढे ११० किलोचा बंपर आणि विंच लटकवला, तर पुढच्या अ‍ॅक्सलवर ११० नव्हे, जवळजवळ १४७ किलो वाढतात. जादाचे ३७ येतात मागच्या अ‍ॅक्सलकडून. तो तेवढा हलका होतो. मागेही तसंच. मागच्या अ‍ॅक्सलपासून एक मीटर मागे दुसरी स्टेपनी आणि ब्रॅकेट मिळून ६० किलो लावले की मागे ८२ वाढतात आणि पुढून २२ जातात.

पुढे जड झाली म्हणून मागे वजन लावून तोल साधणारे लोक मी पाहिले आहेत. काट्यावर आकडे छान दिसतात. पण दोन्ही टोकांना वजन असलेली गाडी वळणात उशिरा वळते, वळली की उशिरा थांबते, आणि खड्ड्यांच्या ओळीत होडीसारखी डुलते.

उंचीचा हिशोब याहून कडक आहे. २,२०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंटीमीटरवर. टपावर १.९५ मीटर उंचीला १०० किलो ठेवले की गुरुत्वमध्य ८० सेंटीमीटरवर जातो. चाकांमधलं अंतर १.५५ मीटर धरलं तर कागदावर गाडी उलटण्याचा कोन ४६ अंशांवरून ४४ वर येतो. दोनच अंश. पण कागदावरची गाडी स्प्रिंगवर कलत नाही, तिचे टायर दबत नाहीत आणि तिच्या वरच्या बाजूचं चाक दगडावर चढत नाही. खऱ्या उतारावर हे सगळं एकदम होतं आणि अंश फार लवकर संपतात.

चाकांचं वजन तिसऱ्या प्रकारचं. ते स्प्रिंगच्या खाली असतं, त्यामुळे जड चाक खड्ड्यातून वर उडालं की शॉक अ‍ॅब्सॉर्बरला आवरत नाही. शिवाय ते फिरतं. टायरच्या अगदी बाहेरच्या कडेवरचा एक किलो, वेग घेताना आणि ब्रेक लावताना, गाडीतल्या दोन किलोंइतका भारी पडतो.

तेव्हा वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे खूण करा: वर, टोकाला, की फिरणारं. ज्यांच्यापुढे खूण आली त्यांच्यापासून सुरुवात.

टप

स्टीलचा जुना जाळीदार कॅरियर ४०-५० किलोचा असू शकतो. त्याच मापाचा अ‍ॅल्युमिनियमचा सपाट प्लॅटफॉर्म २०-३० मध्ये येतो. टपावरचा तंबू ५० ते ८० किलो. गाडी चालू असताना टपावर किती चालतं ते मॅन्युअलमध्ये असतं, त्यात कॅरियरचंही वजन धरलेलं असतं, आणि कच्च्या वाटेसाठी बरेच कॅरियरवाले हा आकडा आणखी खाली आणतात. तंबू उभा असताना आत झोपणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, तिथे गाडी स्थिर असते.

माझा सल्ला सरळ आहे. वर्षातून वीसपेक्षा कमी रात्री तंबूत काढत असाल तर जमिनीवरचा तंबू घ्या आणि कॅरियर सुद्धा उतरवून ठेवा. कॅरियर उतरवायला अर्धा तास लागत असेल तर तुम्ही तो कधीच उतरवणार नाही. म्हणून बोल्टांच्या जागी हाताने फिरणाऱ्या मुठी लावता येतात का ते बघा.

ब्रिटिश सैन्याची ‘लाइटवेट’ लँड रोव्हर याच विचाराची होती. १९६० च्या दशकात ती वेसेक्स हेलिकॉप्टरखाली टांगून नेता यावी म्हणून दारं, वरचा भाग, बंपर, विंडस्क्रीन हे सगळं झटपट निघेल असं केलं. गंमत म्हणजे सगळं चढवल्यावर ती नेहमीच्या छोट्या लँड रोव्हरपेक्षा थोडी जडच भरायची. पण उचलण्याच्या वेळी ती हलकी असणं पुरेसं होतं. गरजेच्या दिवशी लावायचं, एरवी काढून ठेवायचं, ही सोय हलक्या धातूपेक्षा स्वस्त पडते.

पुढचं टोक

सगळ्यात कमी श्रमात सगळ्यात जास्त फायदा विंचच्या दोरात आहे. साडेनऊ मिलिमीटर जाडीची २८ मीटर तार दहा किलोच्या आसपास भरते. त्याच ताकदीचा सिंथेटिक दोर जेमतेम दोन किलो. तारेबरोबरचा चार रोलरचा गाईड जाऊन त्याजागी अ‍ॅल्युमिनियमचा गुळगुळीत गाईड आला की आणखी तीन-चार किलो कमी. म्हणजे एका दुपारच्या कामात अ‍ॅक्सलच्या पुढचे बारा किलो गेले. तुटला तर दोर तारेसारखा चाबकासारखा फिरत नाही, हा त्याहून मोठा फायदा. तरी दोरावर जाड जाकीट टाकायचं आणि माणसं लांब ठेवायची.

त्याची पथ्यंही आहेत. जुना गाईड ठेवू नका. तारेने त्याला पाडलेल्या चिरा दोर कापतात. दोर गुंडाळायच्या ड्रमच्या कडांवरही बोट फिरवून बघा, खरखर लागली तर पॉलिश पेपर मारा. दोर उन्हाने आणि आत शिरलेल्या वाळूने कमजोर होतो, तेव्हा झाकण लावा आणि मोसमातून एकदा पूर्ण उलगडून धुवा. ज्या विंचचा ब्रेक त्याच्या ड्रमच्या आत असतो, त्यावर भार सोडत खाली उतरवायचं काम लांबलं तर ड्रम तापतो, आणि सिंथेटिक दोराला उष्णता सोसत नाही. अशा वेळी थांबत थांबत काम करा.

बंपरचं ठरवताना प्रश्न विचारा: हा कशासाठी लावला? जनावर आडवं येण्याची भीती खरी असेल तर तो राहू द्या. फक्त विंच बसवायला हवा असेल तर मूळ बंपरच्या मागे लपणारी विंचची बैठक मिळते, तिचं वजन पूर्ण बंपरच्या निम्म्याहून कमी असू शकतं. अ‍ॅल्युमिनियमचा बंपर स्टीलच्या जवळजवळ अर्ध्या वजनाचा असतो, पण आदळला की वाकवून सरळ होत नाही, आणि रानात त्याला वेल्डिंग करणारा सापडत नाही. एअरबॅग असलेल्या गाडीला त्या मॉडेलसाठी तपासलेलाच बंपर लावा.

चाकं

मजबूत बांधणीचा जड टायर त्याच मापाच्या साध्या टायरपेक्षा चार-सहा किलोंनी जड असतो. स्टेपनी धरून पाच टायर, म्हणजे वीस-तीस किलो, त्यातले चार चाकांवरचे फिरणारे. एक माप मोठा टायर घेतला तर दुहेरी फटका: वजन वाढतं, आणि घेर वाढल्याने गिअर लांब झाल्यासारखे होतात, इंजिन धापा टाकतं.

तरीही टायरच्या बाबतीत मी कंजूषपणा करत नाही. धारदार खडकांची वाट नेहमीची असेल तर जाड भिंतीचाच टायर हवा. वाळू, गवताळ माळ, कच्चे रस्ते एवढंच असेल तर मधल्या बांधणीचा टायर घ्या आणि पंक्चर काढायचं साहित्य बरोबर ठेवा. त्याने दुसरी स्टेपनी वाचते, म्हणजे ब्रॅकेटसकट पन्नास-साठ किलो. रिम अ‍ॅलॉयची घेताना तिच्यावर कोरलेली भारक्षमता अ‍ॅक्सलच्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी नको. स्टीलची रिम वाकली तर हातोड्याने सरळ करता येते, साच्यातली अ‍ॅलॉय तडकते. जिथे मदत दोन दिवसांवर आहे तिथे स्टीलचे जादा किलो मी आनंदाने वाहतो.

खालचे गार्ड

चार मिलिमीटर स्टीलचा एक चौरस मीटर ३१ किलो. सहा मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा १६. निम्मं वजन, म्हणून मोह होतो. पण अ‍ॅल्युमिनियम दगडाला चिकटतं. स्टील घसरून पुढे जातं, अ‍ॅल्युमिनियम खरवडून अडकतं आणि गाडी तिथेच बसते. दगडांवरून चढणाऱ्या गाडीला ज्या एक-दोन जागा सतत आपटतात तिथे स्टील ठेवा, बाकी ठिकाणी अ‍ॅल्युमिनियम. शिवाय हे वजन खाली आहे आणि बरंचसं दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये, घाई नाही. दारांखालच्या संरक्षक पट्ट्यांनाही हाच न्याय, त्या मी कधीच काढत नाही.

स्टीलच्या चासीला अ‍ॅल्युमिनियम थेट टेकवू नका. मधे ओल शिरली की दोन धातूंची बॅटरी होते आणि अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. १९४८ पासूनच्या लँड रोव्हरची बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची. जुन्या गाड्यांत जिथे ती स्टीलला टेकते तिथे हे खाणं नेमकं बघायला मिळतं. नायलॉनचे वॉशर, मधे रंगाचा थर आणि बोल्टाला गंजरोधक पेस्ट लावली की बरीच वर्षं जातात.

बॅटरी आणि डिकी

फ्रिजसाठी दुसरी बॅटरी असेल तर १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी २५ ते ३० किलो, लिथियम आयर्न फॉस्फेटची ११ ते १३. शिशाची निम्म्याहून खाली उतरवली तर आयुष्य घटतं, लिथियमची ८० टक्क्यांपर्यंत सहज वापरता येते. म्हणजे कमी क्षमतेचीही चालते. पण ती बॉनेटखालच्या उष्णतेत ठेवायची नाही, शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, आणि आल्टरनेटरला थेट न जोडता मधे डीसी-डीसी चार्जर (बॅटरीला हवा तेवढाच प्रवाह देणारा) घालायचा.

ड्रॉवर माझा नावडता विषय. १८ मिलिमीटर प्लायवूडचा एक चौरस मीटर अकरा-बारा किलो. त्यात लोखंडी रूळ, कुलपं आणि वरचं फ्रिजचं सरकतं तबक धरलं की रिकामा सांगाडाच ६० किलो ओलांडतो. मी तो काढला. आता चार प्लास्टिकचे क्रेट आहेत आणि ते मूळ हुकांना रॅचेट पट्ट्यांनी बांधलेले. मोकळं काहीही ठेवायचं नाही. उलटलेल्या गाडीत सुटा जॅक माणसाला मारतो.

जॅकवरून आठवलं. उंच दांड्याचा शेतातला जॅक १३ किलोचा, आणि आजच्या प्लास्टिक बंपरच्या गाड्यांना तो लावायला जागाच नसते. बाटली जॅक आणि खाली घालायला एक फळी, एवढं पुरतं. स्टीलची शॅकल (ओढायचा दोर गाडीला जोडायची कडी) किलोभराची, दोराची मऊ शॅकल दोनशे ग्रॅमच्या आत. तिसऱ्या रांगेची सीट वापरत नसाल तर बोल्ट सोडून घरी ठेवा. खालची वायर दिसली तर आधी मॅन्युअल वाचा, ती एअरबॅगची असू शकते. काचांच्या जागी पॉलिकार्बोनेट निम्म्या वजनाचं असतं, पण महिन्याभरात ओरखड्यांनी धुरकट होतं. शर्यतीच्या गाडीला ठीक.

ज्याला हात लावायचा नाही

चासीला किंवा सस्पेन्शनच्या आर्मला भोकं पाडून ‘हलकं’ करू नका. दारांतले आडवे दांडे, बंपरमागची चुरगळणारी पेटी, रोल केज, अँटी-रोल बार, अग्निशामक, प्रथमोपचार आणि पिण्याचं पाणी हे यादीतून आधीच वगळा. आणि सीट काढणं, काचा बदलणं, बंपर बदलणं याला नोंदणीचे नियम जागोजागी वेगळे आहेत. पाना उचलण्याआधी आपल्याकडचा नियम आणि विम्याची अट बघून घ्या.

काय सोडायचं नाही हे आधी ठरवण्याचं सुंदर उदाहरण जीपचंच आहे. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने सुरुवातीला १,३०० पौंडांची अशक्य मर्यादा घातली, मग ती वाढवून २,१६० पौंड, म्हणजे साधारण ९८० किलो केली. विलीज कंपनीचा नमुना शंभराहून अधिक किलोंनी जड होता. इंजिन बदललं असतं तर सुटका होती, पण मुख्य अभियंता बार्नी रूस यांना ते साठ अश्वशक्तीचं इंजिन सोडायचं नव्हतं. म्हणून त्यांनी गाडी सुटी केली, लांब बोल्ट आखूड केले, पत्रा बारीक केला, आणि रंगाचा थरसुद्धा हिशोबात धरला.

उतरवल्यानंतर

इथे बहुतेक जण थांबतात, आणि मग गाडी आधीपेक्षा वाईट चालते अशी तक्रार करतात. जादा वजनासाठी घातलेल्या कडक स्प्रिंग आता रिकाम्या गाडीखाली दगडासारख्या लागतात. काम सुरू करण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून वहीत लिहा, नंतर पुन्हा मोजा. पुढची बाजू दोन-तीन सेंटीमीटर वर आली असेल तर एक पायरी मऊ स्प्रिंग बघा; मागे पाटे असतील तर जादा घातलेला पाटा काढून बघा, तेवढ्यानेच तीन-चार किलोही जातात. स्प्रिंग बदलली की शॉकचं सेटिंग आणि व्हील अलाइनमेंट पुन्हा. हेडलाइटचा झोत उतरवा, नाहीतर समोरचा शिव्या घालतो.

मागच्या अ‍ॅक्सलजवळ भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असलेल्या गाड्यांत, मागची उंची बदलली की त्या व्हॉल्व्हला चुकीचा भार कळतो. त्या व्हॉल्व्हच्या दांडीचं माप सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे लावून घ्या.

टायरची हवाही कमी लागेल. पाटीवरच्या आकड्यापासून सुरू करा, थंड टायर मोजा, तासभर डांबरी रस्त्यावर चालवा, पुन्हा मोजा. वाढ चार पीएसआयच्या आसपास असावी. सहा-सात वाढली तर हवा कमी आहे, दोनच वाढली तर जास्त.

मग पुन्हा त्याच वजनकाट्यावर, तेवढीच टाकी भरून. माझे १८६ किलो कमी झाले होते. त्यातले फक्त तीस-एक किलो विकत घेतलेल्या हलक्या वस्तूंचे. नवीन लावलेला प्रत्येक बोल्ट पहिल्या कच्च्या वाटेनंतर टॉर्क पान्याने तपासा, अ‍ॅल्युमिनियमच्या गार्डचे तर दोनदा.